तुळसाबाईचा दुसरा जबाब

रविवार, १८ नोव्हेंबर १९७९. कोराडी कॉलनी

आज सिंधूताई शहरातून बसने आल्या. त्यांच्या महिला मंडळाला सव्वीस जानेवारीला माझा सत्कार करायचा आहे. म्हणाल्या, "तुळसाबाई, इंग्रजांच्या काळात बायकांच्या मतासाठी दारोदार फिरलेली आपल्या वस्तीतली तुम्हीच एक उरल्या. दहा मिनिटं बोला. आठवेल ते सालवार लिहून ठेवा." उरणं हा काही पराक्रम नाही, असं मी म्हटलं खरं, पण आतून सुखावले. एकाहत्तराव्या वर्षीही स्तुती गोड लागते, हे इथे कबूल करून ठेवते.

आनंद ड्यूटीवरून आला तेव्हा त्याला सांगितलं. लगेच सायकल काढून गेला आणि ही वही घेऊन आला. "लिही माय. तुह्यासारखी माय या कॉलनीत कोणाची आहे?" एकुलता एक, आणि आईचा एवढा अभिमान बाळगणारा. मग गोपिकाला म्हणाला, "चहा ठेव ना वं, उभी काय राहिली?" ती गेली. सून कामसू आहे, पण बोलणं फार कमी. लग्नाला सहा वर्षं झाली, तरी तिच्या मनात काय असतं मला कळत नाही. कन्हानला तिची आई सखूबाई विड्या वळून पोट भरते. गरिबीतून आलेली मुलगी, बुजत असेल. नात विशाखा मात्र बडबडी, पाच वर्षांची. ती माझ्यावर गेली आहे.

बुधवार, २१ नोव्हेंबर

सत्तावीस साल. मी एकोणीस वर्षांची, मिशनच्या शाळेत सातवी झालेली, आणि वस्तीतल्या मुलींना नुकतीच शिकवू लागलेली. शहरातल्या मोठ्या घरच्या बाया मताच्या हक्कासाठी अर्जावर सह्या घेत आहेत, असं कानावर आलं. मी आमच्या चाळीस बायांचे अंगठे एका कागदावर घेतले आणि सिव्हिल लाइन्समधल्या एका बंगल्यावर गेले. बाईसाहेब वाईट नव्हत्या. कागद पाहून म्हणाल्या, "अगं, ह्यांच्या नावावर घर नाही, जमीन नाही. कायद्यानं ह्यांना मत मिळायचंच नाही. मग अंगठे कशाला? आधी आमचं होऊ दे. तुमचं मागून बघू."

झालं त्यांचं. आमचं व्हायला चोवीस वर्षं लागली. त्या दिवशी रडू आलं नाही, राग आला. तो राग मला पुढे फार उपयोगी पडला.

सोमवार, २६ नोव्हेंबर

वीज केंद्राची राख फार पडते आहे. दोरीवरचे कपडे दुपारपर्यंत करडे होतात.

गोपिका भर उन्हात पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालून भांडी घासत होती. म्हटलं, काढ तो, भिजेल. "थंडी वाजून राहिली, आत्याबाई." तिच्या अंगात रक्त कमी आहे. गूळ-शेंगदाणे खायला सांगितलं.

शेजारच्या क्वार्टरमधली इंदूबाई कढीपत्ता मागायला आली आणि उगीच रेंगाळली. म्हणे, "बाई, सुनेले चार दिवस माहेरी धाडा ना. आराम भेटल तिले." मी म्हटलं, तीन माणसं आणि एक लेकरू, एवढ्या घरात कसला थकवा? "नाई, म्हणजे भिंती पातळ आहेत ना आपल्या," असं काहीतरी पुटपुटत गेली. या बाईला दुसऱ्याच्या चुलीत डोकावायची सवय आहे.

रविवार, २ डिसेंबर

छत्तीस साली कायदा थोडा सैल झाला. ज्या बाईला लिहितावाचता येतं तिलाही मत. मी म्हटलं, मग लिहायलाच शिकवते. गिरणीची पाळी सुटली की बाया तशाच यायच्या, केसांत कापसाचे तंतू घेऊन. वर्षभरात अकरा जणींची नावं यादीत चढली. त्यातली एक मत टाकून आली तेव्हा तिचा चेहरा पाहण्यासारखा होता. "बाई, आत कोनीच नोयतं. मी एकटीच होती. जलमात पयल्यांदा एकटी होती." हे भाषणात घ्यायचं.

एक्कावन्न साली सगळ्यांनाच मत आलं, तेव्हा वेगळंच संकट. यादीवाले दारात आले की बाया नाव सांगत नसत. लहानूची बायको लिवा, नत्थूची माय लिवा. अशी नावं यादीतून कापली जाणार होती. मी दोन महिने घरोघर फिरले, एकेकीच्या तोंडून तिचं नाव काढलं. घरी यायला दिवेलागण व्हायची.

अशाच एका संध्याकाळी ह्यांनी पाटी फेकून मारली. कपाळाला तीन टाके पडले. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. माझे यजमान धोंडबा माणूस म्हणून वाईट नव्हते, भूक लागली होती. बायांना मी सांगितलं, विहिरीवर पाय घसरला. खरं सांगितलं असतं तर त्यांचे नवरे म्हणाले असते, पहा, मतवाल्या बाईची ही गत. कामाला बट्टा लागला असता. आनंद दहा वर्षांचा होता, दारातच उभा होता. दुसऱ्या दिवशी यादीवाल्यांनी विचारलं तर मी बोलायच्या आतच हा म्हणाला, "माय विहिरीवर पडली." किती समजूतदार पोर!

हे भाषणात घ्यायचं नाही.

बुधवार, १२ डिसेंबर

तीन जानेवारीला मतदान आहे. राखेच्या तळ्यापलीकडे कंत्राटी मजुरांच्या झोपड्या आहेत, तिथे गेले. आता कोणी बोलावत नाही, माझी मीच जाते. गोपिकाला सोबत घेतलं, विशू तिच्या कडेवर. वीसेक बाया जमल्या. मी नेहमीचंच सांगितलं. आत तुमचा हात धरायला कोणी येत नाही. बाहेर आल्यावर कोणी विचारलं, कोणाला दिलं, तर सांगू नका. नवऱ्यालाही नाही. मत तुमचं आहे.

परतताना गोपिका म्हणाली, "आत्याबाई, नाही सांगतलं तर मग घरी काय होते?"

आपण होऊन तिने काही विचारलं याचंच मला नवल वाटलं. म्हटलं, "काय होणार? दोन दिवस फुगून बसेल."

"आन फुगून नाही बसला तर?"

"बाई एकदा ताठ उभी राहिली की पुरुष नमतो. मी चाळीस वर्षं हेच पाहिलं."

विशूला या कडेवरून त्या कडेवर घेताना तिने ओठ दाबले. कंबर दुखते म्हणाली. मी म्हटलं, पोर मोठी झाली आता, चालू दे तिला.

रविवार, १६ डिसेंबर

सुट्या कागदांवर भाषणाची चार पानं झाली. आनंदने वाचली, दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं. छान म्हणाला.

गुरुवार, २० डिसेंबर

विशू अंगणात बाहुलीशी खेळत होती. बाहुलीला आडवं टाकलं आणि पायाने ढोसत म्हणाली, "ऊठ, ऊठ ना, मेली का?" मी दटावलं, असं कोणी उठवतं का? तर म्हणे, "बाबा असंच उठवते आईले."

आनंद आल्यावर मी सरळ विचारलं. आडपडदा मला जमत नाही. त्याचे डोळे भरले. "माय, तुले वाटते मी तसा आहो? तुह्या पोटचा?" पाळी बदलली की झोप होत नाही, ती मुद्दाम उलट उत्तर देते, एकदा हात उठला हे तो नाकबूल करत नाही. एकदाच. पुन्हा नाही म्हणाला. मी त्याच्या केसांतून हात फिरवला.

मग गोपिकाजवळ बसले. तांदूळ निवडत होती. म्हटलं, "घरातलं घरात राहावं गं. लोक हसायला टपलेलेच असतात. मीसुद्धा सोसलं, तरी बघ कुठवर आले."

तिने मान वर केली. "तुमी बी?"

मी विषय बदलला. सुनेला सगळं सांगायची गरज नसते.

गुरुवार, ३ जानेवारी १९८०

आज मतदान. आम्ही तिघं सकाळीच शाळेत गेलो. गोपिका बाहेर आली ती बोटावरची शाई निरखत. सत्त्याहत्तर सालीही तिने मत दिलं होतं, पण तेव्हा आनंदने चिन्ह कागदावर काढून दिलं होतं. यंदाही त्याने सांगून ठेवलंच होतं. तो एका उमेदवारासाठी धावपळ करत होता, घरची तीन मतं धरूनच चालला होता.

दुपारी त्याचे दोन दोस्त बाहेरच्या खोलीत चहाला बसले होते. आनंदने गोपिकाला हाक मारून विचारलं, "बराबर टाकलं ना मत?"

ती ट्रे धरून उभी होती. हळूच म्हणाली, "थे सांगायचं नसते. आत्याबाईनं सांगतलं हाय."

मला इतका आनंद झाला की मी टाळीच वाजवली. दोस्तही हसले. "काय गा आनंदराव, घरातच विरोधी पार्टी!" आनंदही हसला. कप खाली ठेवताना थोडा चहा बशीत सांडला.

सहा वर्षांनी ती मुलगी माझी झाली असं वाटलं. भाषणाचा शेवट आता याच प्रसंगावर करायचा.

शुक्रवार, ४ जानेवारी

गोपिका मोरीत पाय घसरून पडली. पोटात फार दुखतं म्हणते. आनंद आणि इंदूबाईचे यजमान तिला शहरातल्या दवाखान्यात घेऊन गेले. विशू माझ्याजवळ आहे.

रविवार, ६ जानेवारी

गोपिका काल सकाळी गेली. पोटात रक्तस्राव झाला, डॉक्टर म्हणाले.

मी काय ऐकलं ते इथे लिहिते, कारण दुसरीकडे कुठे लिहिणार नाही.

शुक्रवारी सकाळी दहाचा सुमार. आनंदची दुपारची पाळी होती, तो घरीच होता. मी बाहेरच्या खोलीत भाषण लिहीत बसले होते. आत बादली पडल्याचा आवाज आला. मग आनंदचा आवाज, मोठा नाही, दाबलेला. "कोणासमोर बोलली वं तू? कोणासमोर?" मग गादी उन्हात टाकून काठीने झटकतात तसे आवाज. चार, पाच, मी मोजले नाहीत. मग गोपिकाने हाक मारली. "आत्याबाई." एकदाच.

माझ्या हातात पेन होतं. मी चालू वाक्य पुरं केलं. मग उठले.

ती मोरीत होती, भिंतीला टेकून. आनंद तिच्या तोंडावर पाणी मारत होता. "पाय घसरला, माय," तो म्हणाला. माझ्याकडे त्याने पाहिलं तेव्हा त्याचे डोळे दहा वर्षांच्या मुलाचे होते.

काल संध्याकाळी ठाणेदार आले. मला खुर्ची दिली, स्वतः स्टुलावर बसले. माझ्याबद्दल ऐकून होते. "बाई, घरात काही भांडण वगैरे?" आनंद दाराच्या चौकटीत उभा होता. मी म्हटलं, नाही. "तुम्ही घरातच होत्या?" हो. "काही ऐकलं?" ती पडल्याचा आवाज ऐकला. त्यांनी लिहून घेतलं, वाचून दाखवलं, मी सही केली. ठाणेदार म्हणाले, "तुमच्यासारख्या माणसाचा शब्द असला की आमचं काम सोपं होते."

बुधवार, ९ जानेवारी

सखूबाई आल्या. अंत्यविधीला दूर उभ्या होत्या. आज विशूला न्यायला आल्या. आनंद ड्यूटीवर होता. मी चहा केला, त्यांनी घेतला नाही. खाली बसल्या. तंबाखूने पिवळी झालेली बोटं पदरात गुंडाळलेली.

"बाई, तुमी घरातच होत्या ना?"

"हो."

"मंग थे पडली त्याचा आवाज आला असन."

"आला."

"एकदाच आला का?"

मी कपबशी उगीच सारखी केली. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग विशूचे दोन फ्रॉक पिशवीत घातले, तिला उचललं आणि निघाल्या. दारात थांबून म्हणाल्या, "दोन महिन्यामांगं आली होती. मी म्हटलं, पोरी, राहून जाय इथंच. तर म्हणे, माही सासू मोठी बाई हाय माय, तिले कळंल एक दिवस."

रविवार, १३ जानेवारी

आनंद माझी फार काळजी घेतो. आज पाय चेपून देत होता. त्याचे हात मऊ आहेत, लहानपणापासून तसेच. बोलता बोलता म्हणाला, "विशूले आणावं लागंल परत. आन तिच्यासाठी कोणी पाहावं लागंल, माय. एक-दोघांनी विचारलं बी. यावेळी जराशी शांत स्वभावाची पाहू."

गोपिकाहून शांत!

तिला जाऊन आज नववा दिवस आहे. मी पाय काढून घेतले. तो म्हणाला, दुखलं का? मी हो म्हटलं.

रोज माझ्या मनात येतं की तो माझा मुलगा आहे, म्हातारपणी मला दुसरं कोणी नाही, आणि गेलेली काही परत येत नाही. हे तिन्ही खरं आहे. पण आज मला आणखी एक दिसलं. कोणाची तरी मुलगी या घरात येईल, मोरीत भांडी घासेल, आणि मी बाहेरच्या खोलीत बसलेली असेन.

बुधवार, १६ जानेवारी

सकाळी आनंद कामावर गेल्यावर एकटीच ठाण्यात गेले. ठाणेदारांनी उठून नमस्कार केला. मी म्हटलं, माझा जबाब खोटा होता, नवा लिहून घ्या.

ते दार लोटून आले. "बाई, वय झालं तुमचं. दुःखात माणूस काही बी बोलते. एकच पोरगा आहे ना?"

"एकच."

"मग? ती फाईल बंद झाली. घरी जा, आराम करा."

मी बाहेर बाकावर बसले. अकरा वाजले, एक वाजला. लोक येत होते, जात होते. शिपायाने दोनदा सांगितलं, मी उठले नाही. मला काही धीर वगैरे आला नव्हता. उठलेच तर सरळ घरी जाईन याची भीती होती, म्हणून बसून होते.

तीनच्या सुमाराला इंदूबाई आली. मला येताना तिने खिडकीतून पाहिलं होतं म्हणे. माझ्या शेजारी बसली, पदराने तोंड पुसलं. "मी बी ऐकलं, बाई. त्या दिवशीचं बी आन आधीचं बी. आमचे हे नको म्हणून राहिले होते. माहं बी लिवून घ्या म्हणा."

मी तिला चुलीत डोकावणारी म्हटलं होतं.

दोघींना आत बोलावलं. ठाणेदार लिहीत गेले. मी सगळं सांगितलं, हाक आणि माझं वाक्य सोडून. तेवढं तोंडातून निघालं नाही. शेवटी त्यांनी पेन थांबवून विचारलं, "पहिल्यांदा खोटं काहून सांगतलं, बाई?"

मी म्हटलं, "सवय होती."

त्यांनी तेही लिहिलं.

गुरुवार, १७ जानेवारी

रात्री मीच आनंदला सांगितलं. तो जेवत होता. ताट सारलं नाही, ओरडला नाही. "माय, तू?" एवढंच म्हणाला. सकाळी जीप आली. तो माझ्या पाया पडायला वाकू लागला, पण शिपायाने दंड धरला होता, जमलं नाही. मी त्याला स्वेटर दिला. ठाण्यात थंडी असते.

गुरुवार, ३१ जानेवारी

सिंधूताई मागेच येऊन गेल्या. अवघडून बोलत होत्या. मंडळातल्या बायांना वाटतं की कार्यक्रम तूर्त नको, लोक नको ते बोलतील, स्त्रियांच्या कामाला उगीच बट्टा लागायचा. मी म्हटलं, बरोबर आहे तुमचं. मी त्यांच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं. त्यांना वाटलं मी टोमणा मारला.

वकील सांगतात, खटला उभा राहील की नाही सांगता येत नाही. आधीचा माझाच जबाब माझ्यावर उलटवतील. आनंदला जामीन होईल. क्वार्टर सोडायला सांगितलं आहे. इंदोरा भागात एक खोली पाहिली आहे, शाळेच्या पेन्शनीत भागेल.

आज कन्हानला गेले. बस बदलून पोचायला दीड तास लागला. सखूबाई दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होत्या. विशू आत झोपली होती, तिचे पाय दिसत होते. मी उभीच राहिले.

"सांगतलं म्हणे तुमी," त्या म्हणाल्या. वर पाहिलं नाही.

"हो. पण सगळं नाही सांगितलं. एक राहिलं आहे, ते तुम्हाला सांगायला आले. तिनं मला हाक मारली होती. मी लगेच उठले नाही. लिहीत होते."

त्यांची बोटं थांबली. तेंदूचं पान अर्धं गुंडाळलेलं तसंच राहिलं.

"काय म्हणे?"

"आत्याबाई म्हणाली."

"माय नाई म्हणलं?"

"नाही."

सखूबाईंनी पान उलगडलं, तंबाखू पुन्हा सारखी केली. मी आल्यापासून पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. डोळे कोरडे होते.

"मंग भरोसा होता तिचा तुमच्यावर," त्या म्हणाल्या, आणि विडी वळायला लागल्या.

बस यायला पाऊण तास होता. मी तिथेच उभी राहिले. त्या बसा म्हणाल्या नाहीत. जा असंही म्हणाल्या नाहीत.